पहिल्या दहांचं काय झालं?

सोमवार, ६ ऑक्टोबर

चि. पोपट यास,

ताईचा आशीर्वाद. थोरली बहीण म्हणून द्यावा लागतो, म्हणून देते. वि. वि.

काल, रविवार दिनांक ५ ऑक्टोबर रोजी, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी, तू व्यासपीठावरून जे बोललास त्याबद्दल हे पत्र आहे. वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं नोकरी केली, काही घडलं की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. वेळ नंतर कुणी खरी सांगत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. तुमचा फोन चर्चच्या कचेरीत आणि तिथला कारकून घंटा वाजवण्यापेक्षा कान लावण्यात जास्त तरबेज. शिवाय फोनवर तू पाळकांच्या आवाजात बोलतोस. कागदावर तरी माझा भाऊ सापडेल, अशी आशा आहे.

चिऊ अठरा दिवसांनी पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. मी आणि तुझ्या जावयाने मिनतवाऱ्या करून तिला आणलं होतं. बापाच्या चर्चमध्ये बसली तर पोरीला बरं वाटेल, हे मीच म्हणाले होते. माझ्या थोबाडीत मारायला हवी. तू बायबलातल्या ईयोबाची गोष्ट काढलीस. सगळं गेलं, दहाही लेकरं गेली, अंगावर फोड आले, तो राखेत बसला, इथपर्यंत ती मान खाली घालून ऐकत होती. मग तू सांगितलंस की देवाने त्याला सगळं दुप्पट परत दिलं, मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट आणि लेकरंही दुप्पट. एवढ्यावर थांबला असतास तरी मी गिळलं असतं. तू तिच्याकडे हात केलास आणि भरल्या चर्चला सांगितलंस की माझ्याही लेकीची ओटी देव पुन्हा भरेल, झालं गेलं विसरून तिने धीर धरावा.

तिने पर्स उचलली आणि ती निघाली. तू गेली चार वर्षं ज्या दाराला तेल घालणार आहेस ते दार केवढ्याने करकरलं, ते सगळ्यांनी ऐकलं. तू काय केलंस? आवाज चढवलास.

चिऊ माझ्याकडे आहे. शिवणाच्या मशीनच्या खोलीत तिचा पलंग टाकला आहे. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तिची माफी. दोन, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं तू वाचतोस, त्यात तिच्या मुलाचं नाव.

कळावे. लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या खाली दबलेला आहे.

तुझी,
ताई

---

शुक्रवार, १० ऑक्टोबर

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दार बुधवारी तेल घालून घेतलं आहे.

ताई, तू रागावलीस की समोरच्याला बोलायला जागा ठेवत नाहीस. पण माझं थोडं ऐक. ते प्रवचन माझ्या वहीतलं एकेचाळीसावं आहे. गेल्या एकतीस वर्षांत ते मी अकरा वेळा केलं. घर जळालेल्यांपुढे केलं, नोकरी गेलेल्यांपुढे केलं. लोक रडले, पण उठताना सावरून उठले. कुणी कधी तक्रार केली नाही. दुःखाच्या गोष्टी बायबलात आहेत त्या शेवटासाठी आहेत. माणसाने शेवटाकडे पाहावं, एवढंच मला सांगायचं होतं. चिऊलाही हेच सांगायचं होतं. ती माझी एकुलती एक मुलगी आहे हे तू विसरतेस.

नावाचं म्हणशील तर ते माझ्या हातात नाही. त्या रविवारची यादी चर्चच्या नोंदवहीतून काढतात आणि वहीत बाप्तिस्मा झालेल्यांचीच नोंद असते. ते बाळ श्वास न घेता जन्माला आलं. नियम मी केलेला नाही. चर्चच्या पंचमंडळींना विचारायचं तर आधी मलाच पटलेलं असायला हवं.

आणि रागावू नकोस, पण लहानपणापासून देवाशी भांडायला तुला निमित्तच लागतं. आई म्हणायची की ईयोबाच्या बायकोची जागा रिकामी झाली तर तुझी नेमणूक नक्की.

चिऊचा चष्मा बाकावर राहिला होता. तो माझ्या खिशात सुखरूप आहे. येऊन घेऊन जा म्हणावं. तेवढंच भेटणं होईल. ती जेवते ना नीट? तू जबरदस्ती करू नकोस, पण पाहा.

लोभ कमी होऊ देऊ नये, राग हवा तेवढा वाढवावा.

तुझा,
धाकटा

---

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. पोपट यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातलाच चालवून घे. वि. वि.

आधी चष्म्याचं. छापखान्यात प्रुफं तपासून पोट भरणाऱ्या मुलीचा चष्मा खिशात ठेवायचा आणि येऊन घेऊन जा म्हणायचं, याला भेटीची ओढ म्हणत नाहीत, ओलीस ठेवणं म्हणतात. ती माझं जुनं भिंग घेऊन बसते. दिवसभर त्यातून काय वाचते विचारू नकोस, औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचते. पाठवून दे.

आता ईयोबाची बायको. नेमणूक मी आनंदाने स्वीकारते. त्या बाईच्या तोंडी अख्ख्या गोष्टीत एक वाक्य आहे, 'देवाला शाप दे आणि मर', आणि त्या एका वाक्यावर तुम्ही पाळकांनी तिला हजारो वर्षं बोल लावले. दहा बाळंतपणं कुणाची होती रे? मेंढरं त्याची, उंट त्याचे, अंगावरचे फोड त्याचे, म्हणून गोष्टही त्याचीच. त्या दहांपैकी एकालाही ईयोबाने नऊ महिने वागवलं नव्हतं. मी पस्तीस वर्षं अशा बायका पाहिल्या. देवाला शिव्या घालणाऱ्याही पाहिल्या. त्यातली एकही नास्तिक नव्हती. ज्याला शिवी घालायची तो आहे हे आधी मानावं लागतं.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. मी सातवीत असताना धर्मशिक्षणाच्या तासाला सिस्टरांनी हीच गोष्ट सांगितली. मी हात वर करून विचारलं की नवी मुलं झाली हे ठीक, पण पहिल्या दहांचं काय झालं? त्यांनी मला तासभर व्हरांड्यात उभं केलं. पुढे तीन वर्षांनी हाच शेवट तू रविवारच्या शाळेत घडाघडा म्हणून दाखवलास आणि तुला कंपासपेटी मिळाली. तेव्हापासून तुझं नाव पोपट पडलं. मला शिक्षा, तुला बक्षीस, आणि प्रश्न अजून व्हरांड्यातच उभा आहे.

आमच्या वॉर्डात मी एक रीत पाडली होती. मूल मृत जन्मलं तरी त्याला वजनकाट्यावर ठेवायचं. लांबी मोजायची. नोंदवहीत बाकीच्या मुलांच्याच रांगेत लिहायचं आणि आईला वजन सांगायचं. डॉक्टर म्हणायचे, कशाला जखमेवर मीठ. मी म्हणायचे, जखम आहे हे तरी मान्य करा. सतरा सप्टेंबरला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिथल्या मुली गोंधळल्या, तेव्हा चिऊच्या मुलाला मी माझ्या हाताने काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे ग्रॅम. तिला सांगितलं. ती म्हणाली की म्हणजे होता. मी म्हटलं, होता, आणि चांगला भरलेला होता.

तेव्हा तू कुठे होतास? बाहेर, पॅसेजमध्ये. आत आलास तो तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला. आजोबा म्हणून आलाच नाहीस. तुझ्या पत्रात मी पाहिलं, 'ते बाळ' लिहून मोकळा झालास. मुलगा की मुलगी हेसुद्धा लिहिलं नाहीस. त्याचं नाव काय ठेवलं, हे तू अजून तिला विचारलेलं नाहीस, पोपट. अठ्ठावीस दिवस होत आले. मला माहीत आहे. तुला मी सांगणार नाही.

जेवते. वाढलेलं संपवते. मला बरं वाटावं म्हणून खाते, असं दिसतं.

चष्मा पाठव. लोभ राहू दे, उपदेश नको.

ताई

---

मंगळवार, २८ ऑक्टोबर

ती. पप्पांस,

सा. न. वि. वि.

आत्याने सांगितलं म्हणून लिहीत नाही. तिला हे पत्र दाखवणारही नाही. पण ती वाचेलच, म्हणून ओळी सरळ काढते आहे.

तुमच्या प्रवचनाचा मला इतका राग आला होता की तुमची चूक काढायची एवढ्याच हट्टाने मी ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतलं. कामावर वाचतो तसं. एकेका ओळीखाली पट्टी धरून, आत्याचं भिंग घेऊन. मधली अडतीस-एकोणचाळीस प्रकरणं तुम्ही कधी वाचून दाखवत नाही, पप्पा. सुरुवात सांगता आणि शेवटावर उडी मारता. मधे तो माणूस नुसता ओरडतो आहे. तीन मित्र येतात. आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. मला वाटलं किती चांगले आहेत. मग ते समजावायला लागतात.

शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर. ओरडणाऱ्याला तो म्हणतो की हा माझ्याविषयी बरोबर बोलला. हे मला माहीत नव्हतं. मी ते तीनदा वाचलं.

मग आकडे जुळवले. सुरुवातीला सात हजार मेंढरं, शेवटी चौदा हजार. तीन हजार उंट, शेवटी सहा हजार. बैलांच्या पाचशे जोड्या, शेवटी हजार. गाढवी पाचशे, शेवटी हजार. मुलं सुरुवातीला सात मुलगे, तीन मुली. शेवटी सात मुलगे, तीन मुली. मला छपाईची चूक वाटली. आत्याकडच्या दोन्ही जुन्या प्रती काढल्या, शेजारच्यांची मागून आणली. तिन्हींत तेच आहे. लेकरं दुप्पट नाहीत. तुम्ही अकरा वेळा चुकीचं वाचलंत.

दोन दिवस मी त्यावर बसून होते. मग असं वाटलं की जनावरं मेली ती संपली, म्हणून तिथे दुप्पट द्यावी लागली. मुलं संपली नव्हती. पहिली दहा धरून ती वीसच होतात. लिहिणाऱ्याने ती वजा केलेली नाहीत.

यामुळे माझं समाधान झालं असं कुणाला सांगू नका. झालेलं नाही. पहिल्या दहांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत, याचा मला वेगळा राग आहे. पण मोजणी बरोबर असली की मला थोडं उभं राहता येतं, आमच्या धंद्याची खोड म्हणा. कुणी विचारलं की मूलबाळ आहे का, तर काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. आता कळलं. मला एक मुलगा आहे.

एकेचाळीसाव्यात दुरुस्ती करावी. चष्मा पाठवावा.

तुमची,
चिऊ

---

बुधवार, ५ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

चिऊचं पत्र तू वाचलं असशील, तेव्हा काय ते लिहीत नाही. वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'मुलेही दुप्पट'. एकतीस वर्षांपूर्वी घाईत लिहिलं असणार. दर वेळी पुस्तक उघडायच्या ऐवजी वही उघडली. अकरा वेळा इतकी माणसं समोर बसली होती, एकानेही बोट ठेवलं नाही. तूही नाहीस, ताई.

तू पॅसेजचं लिहिलंस ते खरं आहे. त्या दिवसापासून मी नवीन काही लिहू शकलेलो नाही. टेबलाशी बसतो, तारीख घालतो आणि उठतो. तो रविवार आला तेव्हा हाताला लागलं ते एकेचाळीसावं काढलं. तिच्यासाठी निवडलं नव्हतं. मला काहीतरी पाठ असलेलं हवं होतं, म्हणजे आवाज फुटणार नाही. दार वाजलं तेव्हा आवाज चढवला तोही त्याचसाठी.

नाव विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मग तो कुणीतरी झाला असता. मला एवढंच सांगता येतं.

रविवारी पंचमंडळींपुढे विषय काढला. प्रमुख म्हणाले की एकदा हे दार उघडलं की बंद होणार नाही, जो तो आपापली नावं घेऊन येईल. आणखी एकाने विचारलं की नियम पाळकांच्या घरासाठीच वाकतो का. मला उत्तर सुचलं नाही. बावीस तारखेच्या सभेत पुन्हा पाहू असं ठरलं. मी प्रयत्न करीन, पण वचन देत नाही. माझ्यावर चिडू नकोस. चिडलीस तरी चालेल.

सोबत चष्मा आहे. काचा पुसल्या आहेत. एक दांडी सैल होती, ती घट्ट करून घेतली.

लोभ असेल तसा असू दे.

धाकटा

---

सोमवार, १० नोव्हेंबर

चि. पोपट यास,

अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून. वि. वि.

चष्मा पोहोचला. चिऊने लावला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली की आत्या, तुझ्या घरात केवढी जळमटं आहेत. सात आठवड्यांनी पोरगी मला टाकून बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

तुझी चूक माझ्याही कानावरून चार वेळा गेली, हे कबूल. त्या वाक्यापर्यंत मी इतकी तापलेली असायचे की पुढचं ऐकूच यायचं नाही. तू न वाचता बोलत होतास, मी न ऐकता भांडत होते. दोघांची कंपासपेटी काढून घ्यायला हवी.

पण 'पुन्हा पाहू' म्हणजे काय? प्रसूतिगृहात कळा सुरू झालेल्या बाईला कुणी बावीस तारखेला पुन्हा पाहू म्हणत नाही. तू पंचमंडळींपुढे विषय काढलास की त्यांच्या कानात कुजबुजलास? आणि नियम पाळकांच्या घरासाठी वाकतो का, या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही? उत्तर सोपं आहे. सगळ्यांच्या घरासाठी वाकवा.

शुक्रवारी दुपारी तुझ्या प्रमुखांची पत्नी माझ्याकडे आली होती. हे मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. ब्लाउजची मापं द्यायला आले म्हणाली. मला शिवणकाम सोडून अकरा वर्षं झाली, हे तिला चांगलं माहीत आहे. चहा निवेपर्यंत बसली आणि मग म्हणाली की बेचाळीस वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी अशीच गेली. वॉर्डात मी तेव्हा नवी होते. त्या दिवशी वजन सांगणारी मुलगी मीच, असं ती म्हणते. मला आठवत नव्हतं. तिला ग्रॅमसकट आठवतं. तिने त्या मुलीचं नाव ठेवलं होतं आणि नवऱ्याला ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. चिऊला सांगितलं, माझ्यासमोर. चिऊने ते प्रुफाच्या कागदामागे लिहून घेतलं, शुद्धलेखन विचारून. तिच्यानंतर दोघी आल्या. काल चर्च सुटल्यावर आणखी एक. तेव्हा तुझ्या प्रमुखांना सांग की ज्या दाराची त्यांना भीती वाटते ते त्यांच्याच घरातून उघडलेलं आहे. बाईचं नाव घेऊ नकोस. एवढं बोललास तरी ते पाणी पितील.

तू एकदा विचारलं होतंस की इतकं भांडून मी चर्चमध्ये येते तरी कशाला. तेव्हा तुला उडवून लावलं होतं. आता चिऊकडून ते पुस्तक घेऊन मीही मधली प्रकरणं वाचली. मला व्हरांड्यात उभं करणाऱ्या सिस्टरांनी ती वाचली होती की नाही, देव जाणे. एका ठिकाणी ईयोब म्हणतो की माझ्यावर काय आरोप आहे तो लेखी द्या, मी तो कागद खांद्यावर मिरवीन. लेखी मागतो रे, देवाकडून! मी वाचता वाचता हसले आणि मग बराच वेळ मला पुढची ओळ दिसेना. छप्पन्न वर्षं मला वाटत होतं की प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं. उत्तर येण्याची आशाच नसेल तर माणूस पत्र लिहीत नाही. तो गप्प बसतो. चिऊ चार आठवडे गप्प होती, तेव्हा मी घाबरले होते. तिने तुझी चूक काढायला पट्टी हातात घेतली, त्या दिवशी माझी भीती गेली.

म्हणून मीही लेखी मागते. तुझ्याकडून, कारण तू हाताशी आहेस. वरच्यांशी माझा पत्रव्यवहार वेगळा चालू आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. सभेच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत तुझ्या अक्षरात, वहीतून न उतरवलेलं उत्तर मला मिळालं पाहिजे. तीस तारखेला तू ती नावं वाचणार की नाही, एवढंच हवं. पंचमंडळी काय म्हणतील ते नको, तू काय करणार ते हवं. नाही असेल तर नाही लिही. मग त्या दिवशी बाकावरून आम्ही सहाजणी उठून वाचू. दाराला तेल घातलंच आहेस, करकरणार नाही.

आणि होय असेल तर पत्रात एक जागा रिकामी लागेल. तिथे त्याचं नाव तुझ्या हाताने लिहायचं आहे. ते मी सांगणार नाही, जावई सांगणार नाहीत. चिऊ रोज चार वाजता छापखान्यातून आलेली प्रुफं घेऊन खिडकीशी बसते. येऊन विचार. पाळकांचा कोट घालून येऊ नकोस.

कळावे. लोभ आहेच. उत्तर कधी येतं त्याकडे डोळे लावून बसले आहे. पाचनंतर आलेलं पत्र घेतलं जाणार नाही.

तुझी,
ताई